बाकी चारशे दोन

मोजणीदार दारात येऊन उभा राहिला तेव्हा कारागीर स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक घड्याळ उघडून बसला होता. निवृत्त होऊन त्याला तिसरं वर्ष लागलं होतं, पण हात काही रिकामे राहायला तयार नव्हते. शेजारपाजारची बंद पडलेली घड्याळं तो आपणहून मागून आणायचा, त्यांतली इवली इवली चाकं पुसायचा आणि पुन्हा बसवायचा. चाललं तर चाललं.

"आहेस का रे भागाकार?" मोजणीदारानं बाहेरूनच हाक मारली. कारखान्यात कारागिराला सगळे ह्याच नावानं ओळखायचे. कसं पडलं ते नाव, ते पुढे येईलच.

"आहे की. ये."

मोजणीदार आत आला. कडक इस्त्रीचा सदरा, भांग नीट पाडलेला. तो काम करायचा त्या खोकी बंद करायच्या खोलीतून सरळ आला असेल असं वाटेना. बसायच्या आधीच तो म्हणाला, "शनिवारी दुपारी मोकळा राहा. कारखाना नव्या जागेत हलतोय. तुझं जुनं मशीन भंगारात चाललंय."

"चालायचंच."

"ऐक तरी. त्यावरची पितळी पट्टी काढून तुझ्या हातात द्यायची, असं मालकीणबाईंनी ठरवलंय. सगळे जमणार आहेत. आणि मी बोलणार आहे."

"तू?"

"का? मला काय तोंड नाही?" मोजणीदार खुशीत हसला. "सगळं सांगणार आहे. तू ती संख्या कशी पारखलीस, मी कशी शंका काढली, आणि मग माझी मान कशी खाली गेली. नव्या लोकांना कळू दे, हात कशाला म्हणतात ते."

कारागिराच्या चिमट्यातली स्प्रिंग सुटली आणि टेबलाखाली कुठंतरी गेली. ती शोधायला तो वाकला, आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकलेलाच राहिला. चुलीपाशी उभी असलेली त्याची बायको ते बघत होती.

आता ती संख्या.

कारागीर गिअर कापायचा. लोखंडाची गोल चकती मशीनवर चढवायची, कटर लावायचा आणि कडेनं सारख्या अंतरावर दाते पाडायचे. चकती दर दातामागे किती फिरवायची, हे एका भोकांच्या तबकडीवरून ठरतं. साठ दाते पाडायला कुणीही उभा राहील. साठाला दोननं भाग जातो, तीननं जातो, पाचानं जातो, तबकडीवर कुठं ना कुठं भोक जुळतंच. पण एकसष्ट म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. एकसष्टला एक आणि एकसष्ट सोडून कशानंच भाग जात नाही. असल्या संख्येला शाळेत मूळ संख्या म्हणतात. कारागीर सातवीतून उठलेला. त्याला मूळ संख्या पुस्तकानं शिकवल्या नाहीत, त्या त्याच्या मनगटानं शिकवल्या. आणि ज्या गोष्टीनं माणसाला छळलं तिच्यावरच कधी कधी त्याचा जीव जडतो, तसं झालं.

त्याच्या मशीनच्या अंगावर नंबर ठोकलेला होता. ६७४७१५१. तेवीस वर्षं तो त्याच्या डोळ्यांसमोर होता, छातीच्या उंचीवर. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं खडू घेतला आणि सहज म्हणून भागून बघितलं. सम नाही, पाचानं संपत नाही. अंकांची बेरीज एकतीस, म्हणजे तीननं भाग जात नाही. सातानं पाच बाकी उरली. अकरानं चार. तेरानं आठ. बाकी उरतच गेली. संध्याकाळी घरी जाताना ती संख्या त्याच्याबरोबर निघाली.

मग रोजचंच झालं. जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन भागाकार व्हायचे, आणि दिवसाची शेवटची बाकी मशीनच्या दारावर खडूनं लिहायची. लोक चहाचा पेला घेऊन बघायला यायचे. "काय रे भागाकार, आज किती उरली?" कुणी म्हणे उद्या विषम उरणार, कुणी म्हणे सम. एक जण तर म्हणाला, "ह्याच्या घरी भाजीसुद्धा बाकी ठेवून वाढत असतील." कारागीर हसायचा. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्या हाताकडं नाही, डोक्याकडं बघत होते.

किती भागाकार करायचे, हेही त्यानं स्वतःच काढलं. दोन हजार पाचशे सत्त्याण्णवचा वर्ग ह्या संख्येच्या जरासा आत राहतो, अठ्ठ्याण्णवचा जरासा बाहेर जातो. संख्या दोन तुकड्यांत फुटायचीच असेल तर धाकटा तुकडा त्या हद्दीच्या अलीकडेच सापडणार, पलीकडं शोधायची गरज नाही. त्या हद्दीपर्यंतच्या मूळ संख्या त्यानं जॉबकार्डांच्या कोऱ्या पाठींवर चाळून काढल्या. भरल्या तीनशे अठ्ठ्याहत्तर. एका वहीत, एका पानावर अकरा ओळी, ओळीत आधी भाजक आणि शेवटी बाकी, अशी त्यानं मांडणी केली. वही त्याच्या पेटीत असायची. कच्चे भागाकार तो वेगळ्या कागदांवर करी आणि ते कागद हात पुसायला वापरी.

गाडी एकोणीसशेच्या आसपास आली त्या आठवड्यात चहाला गर्दी होती. कारागीर सहज बोलून गेला, "शनिवारपर्यंत दोन हजार ओलांडतो की नाही बघा." बोलून गेला खरा. पण तो आठवडा कामाचा निघाला. बुधवारपर्यंत एक ओळ झाली नव्हती. गुरुवारी दुपारी त्यानं वही उघडली. एक पान. अठराशे त्र्याहत्तरपासून एकोणीसशे एक्कावन्नपर्यंत, अकरा ओळी. त्यानं भाजक लिहिले. मग पुढं बाक्या लिहिल्या. भागाकार केला नाही. बाकी म्हणून खपतील अशा संख्या त्याला आता पाठच झाल्या होत्या. एक मोठी, एक लहान, दोन मधल्या. एकोणीसशे तेराच्या पुढं त्यानं लिहिलं: ४०२. आणि पान उलटलं.

शनिवारी दोन हजार ओलांडले. टाळ्या पडल्या.

त्यापुढचा प्रत्येक भागाकार त्यानं प्रामाणिकपणे केला. दीड महिन्यानं शेवटचा भाजक आला, दोन हजार पाचशे त्र्याण्णव. बाकी उरली एकशे पासष्ट. ती बाकी बघून कारागिरानं जो श्वास सोडला, तो गिअर कापणाऱ्याचाच श्वास होता. गिअरमध्ये मध्ये कुठं मोजणी चुकली असेल तर चूक शेवटी येऊन उघडी पडते. शेवटचा दात बारीक तरी होतो नाहीतर दुभंगतो. शेवटचा दात पुरा भरला की बाकीचे बघायची गरजच नसते. तेवीस वर्षं तो तसाच वागला होता आणि कधी फसला नव्हता. त्यानं मनाला सांगितलं, शेवटचा दात बरोबर उतरला, आता ते एक पान कशाला उकरायचं? भागाकारात प्रत्येक ओळ आपापली एकटी असते, शेवटची ओळ मधल्या ओळीची साक्ष देत नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं.

त्या दिवशी सगळा कारखाना त्याच्या मशीनभोवती जमला होता. तेव्हा मोजणीदार पुढं आला. कापलेल्या गिअरचे दाते मोजून तो पास करणं हे त्याचं काम, म्हणून तो मोजणीदार. पहिल्या दातावर खडूची खूण करायची, मग बोट फिरवत एकेक दात पुटपुटत मोजायचा; नापास असेल तर तांबड्या रंगाचा फटकारा. त्याच्या बोटाखालून गेल्याशिवाय काहीही बाहेर जात नसे. तो साधेपणानं म्हणाला, "छान झालं. वही दे, चार दिवसांत बघून देतो."

कारागिराला ते एक पान आठवलं. आणि त्याची भीती तोंडातून बाहेर पडली ती भलत्याच रूपात. "तू दाते मोज," तो म्हणाला. "पन्नासच्या पुढं ज्याला खडूची खूण शोधावी लागते, तो माझे भागाकार तपासणार?"

लोक हसले. खो खो हसले. मोजणीदाराचे कान लाल झाले, तो आपल्या टेबलाशी गेला.

इथवर झालं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मोजणीदार सगळ्यांसमोर आला, आणि म्हणाला, "माझं चुकलं गड्या. तेवीस वर्षं तुझे दाते मोजतोय, एक खोटा निघाला नाही. वही मागायला नको होती."

आणि कारागीर म्हणाला, "असू दे."

दोनच शब्द. मोठ्या मनाचा माणूस म्हणतो तसे.

थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी, पितळी पट्टी करून मशीनवर बसवली. वर ६७४७१५१, आणि खाली कोरलेलं: हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही.

मोजणीदाराचं बोट मात्र त्यानंतर बिचकू लागलं. कुणी गिअर आणून ठेवला की तो विचारायचा, "मोजलेस ना?" समोरचा म्हणायचा, "मोजले." "मग झालं." वर्षभरानं सत्तेचाळीस दात्यांच्या जागी सेहेचाळीसचा एक गिअर बाहेर गेला आणि बोंबलत परत आला. मोजणीदाराची रवानगी खोकी बंद करायच्या खोलीत झाली. लोक म्हणाले, डोळे गेले बिचाऱ्याचे. डोळे गेले नव्हते. काय गेलं होतं ते एकट्या कारागिराला माहीत होतं, आणि तो निवृत्त होईपर्यंत त्या खोलीवरून मान खाली घालून जात-येत राहिला.

मोजणीदार चहा पिऊन गेला. बायकोनं कप उचलला आणि म्हणाली, "तुमची स्प्रिंग सापडली का?"

"नाही."

"टेबलाखाली नाहीच आहे ती. तुमच्या पायाशी पडलीय. काय झालंय?"

"काही नाही."

"बरं," ती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात त्या 'काही नाही'चं वजन तिला चांगलं कळत होतं. तिनं पुढं विचारलं नाही.

बुधवारी सकाळी ती भाजी आणायला गेल्यावर कारागिरानं पेटीतून वही काढली. पानांना अजून मशीनच्या तेलाचा वास होता. ते पान बरोबर उघडलं. इतकी वर्षं न उघडलेलं पान लगेच सापडतं. त्यानं कोरा कागद घेतला आणि चौदा वर्षांपूर्वी करायचं काम करायला बसला.

अठराशे त्र्याहत्तर: बाकी सहाशे पाच. वहीत लिहिली होती अकराशे एकोणीस. अठराशे सत्त्याहत्तर: बाकी बाराशे तेरा. वहीत दुसरीच. चुकेनात का, त्याला वाटलं, बाकी उरली म्हणजे झालं. बाकी कितीही असो, शून्य नको. सहा ओळी झाल्या, साही वेळा बाकी उरली. त्याच्या हाताला हुरूप आला. कदाचित देवानं झाकून घेतलं असेल.

एकोणीसशे तेरा. सहा हजार सातशे सत्तेचाळीसमध्ये तीन वेळा. उरले एक हजार आठ. एक खाली. पाच वेळा, उरले पाचशे सोळा. पाच खाली. दोन वेळा, उरले तेराशे एकोणचाळीस. शेवटचा एक खाली घेतला. तेरा हजार तीनशे एक्क्याण्णव. एकोणीसशे तेरा साते...

त्यानं गुणाकार कागदाच्या कोपऱ्यात केला. मग दुसऱ्या कोपऱ्यात केला. तेरा हजार तीनशे एक्क्याण्णव.

उरलं काही नाही.

बायको पिशवी घेऊन आत आली तेव्हा तो तसाच बसला होता. ह्या खेपेला तिनं विचारलं नाही, तोच बोलला. सगळं बोलला. पानाचं, चारशे दोनचं, 'असू दे'चं. ती उभ्या उभ्या ऐकत होती. मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे त्या माणसानं तुमची माफी मागितली, आणि तुम्ही ती खिशात घातलीत."

"हो."

"आता?"

"उद्या त्याच्या घरी जातो. सांगून टाकतो."

"त्यानं घरी येऊन मागितली होती का?"

कारागिरानं वही मिटली.

"त्याच्यावर हसवलंत चारचौघांत," ती म्हणाली, "आणि रडणार कोपऱ्यात होय?"

तरी तो गुरुवारी गेलाच. मोजणीदार खुर्चीत बसून भाषणाचा कागद मोठ्यांदा वाचत होता आणि त्याची बायको शेंगा सोलत ऐकत होती. "आलास? बरा आलास. हिला म्हणतो, जरा तरी टाळ्या वाजव, तर म्हणते हात गुंतलेत. ऐक हं." आणि त्यानं वाचलं, "मित्रहो, मी ह्या हातावर शंका घेतली, ती माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक—"

"सर्वांत मोठी म्हणजे?" त्याची बायको मध्येच म्हणाली. "सेहेचाळीस दात्यांची धाकटी का?"

"गप गं. भाषणात तसं म्हणतात." तो कारागिराकडं वळला. "कसं वाटलं?"

कारागिरानं तोंड उघडलं. "लांब नको करू," एवढंच तो म्हणाला आणि उठला. परतीच्या वाटेवर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की ओळखीचा एक जण समोरून येताना बघून तो रस्ता ओलांडून पलीकडं गेला.

शनिवार उजाडला. कारखान्यात मशीनं उचलून नेल्याच्या जागी जमिनीवर तेलाचे काळे चौकोन उरले होते. त्याचं एकच मशीन अजून जागेवर होतं. पंचवीस-तीस माणसं होती. निम्मी जुनी, निम्मी त्याला न ओळखणारी. पट्टी आधीच काढून, घासून, कापडात गुंडाळून ठेवली होती. मालकीणबाई चार शब्द बोलल्या आणि म्हणाल्या, "आता मोजणीदार."

मोजणीदारानं कागद उघडला. "मित्रहो, मी ह्या हातावर—"

"थांब," कारागीर म्हणाला.

त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. तो मशीनशी गेला. खडू त्यानं घरूनच खिशात आणला होता. मशीनच्या दारावर, जिथं तो रोजची बाकी लिहायचा तिथं, त्यानं ती संख्या लिहिली, बाजूला एकोणीसशे तेरा लिहिले, आणि सगळ्यांकडं पाठ करून भागाकार करत गेला. पाठ होती म्हणून जमलं. शेवटी शून्य लिहिलं. मग वळला.

"हिला भाग जातो," तो म्हणाला. "तेव्हाही जात होता. मी एक पान भागाकार न करता भरलं. खोट्या बाक्या लिहिल्या. ह्यानं वही मागितली तेव्हा मला भीती वाटली म्हणून मी ह्याचं हसं केलं. तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी ह्यानं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली." त्याला आणखी बोलायचं होतं, घोकूनही आणलं होतं, पण पुढचं सगळं तो विसरला. "चूक ह्याची नव्हती," एवढंच तो म्हणाला.

मागं नव्यांपैकी एकानं शेजाऱ्याला हळूच विचारलं, "ह्यात काय एवढं?" आणि शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं.

मोजणीदारानं कागदाची घडी केली. एकदा, दोनदा, तीनदा. मावेनाशी झाली तरी करत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, चौदा वर्षांपूर्वी झाले होते तसे. कारागिराला वाटलं, आता हा निघून जाईल, आणि जावंच त्यानं.

पण तो मशीनशी आला. त्यानं कारागिराच्या हातातून खडू घेतला, त्याच्याकडं न बघता. भागाकाराखाली उत्तर आलेले तीन हजार पाचशे सत्तावीस लिहिले, त्याखाली एकोणीसशे तेरा, आणि उलटा गुणाकार करून बघितला. मग मोजणीदारांची जुनी सवय म्हणून अंकांच्या बेरजा घेऊन ताळा पाहिला. एकोणीसशे तेराची बेरीज चौदा. दुसऱ्याची सतरा. बोट दारावर फिरत होतं, ओठ पुटपुटत होते. इतक्या वर्षांत कुणी त्याला असं मोजताना पाहिलं नव्हतं.

"चौदा आणि सतरा," तो स्वतःशीच म्हणाला. "एकतीस." मग वरच्या संख्येवर बोट नेलं. "सहा, तेरा, सतरा, चोवीस, पंचवीस, तीस, एकतीस." तो थांबला. "हिचीही एकतीसच. फोडली तरी अंक तेवढेच भरतात. हे माहीत होतं तुला?"

"नाही," कारागीर म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यानं त्या संख्येचा मान खाल्ला होता आणि तिची ही गोष्ट तिच्या अंगावर तशीच पडून होती. ती बघायची तर आधी तिला फोडावं लागलं असतं.

"वही कुठाय?" मोजणीदारानं विचारलं.

"आणलीय." कारागिरानं पिशवीतून वही काढली.

"तीनशे अठ्ठ्याहत्तर ओळी ना?"

"हो. पण बाकीच्या सगळ्या—"

"ते मी बघीन," मोजणीदार म्हणाला.

मालकीणबाईंनी कापडात गुंडाळलेली पट्टी उचलली, दोघांकडं बघितलं आणि पुन्हा ठेवून दिली. ती कुणाला द्यायची हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

खोकी बंद करायची खोली सगळ्यांत शेवटी हलायची होती; तिथं एकच खुर्ची होती. मोजणीदार तिच्यावर बसला, चष्मा पुसला आणि पहिली ओळ घेतली. दोननं भागले, बाकी एक. त्यानं तीही करून बघितली. कारागीर समोर उभा राहिला. नवा उमेदवार आपला पहिला गिअर टेबलावर ठेवून उभा राहतो, तसा. बसायला दुसरी खुर्ची नव्हती आणि त्याला बसायचंही नव्हतं. मोजणीदार घाई करत नव्हता. दुपारभर मिळून दीडेक पान झालं. सोमवारी पुन्हा, मंगळवारी पुन्हा. घरी बायको विचारायची, "काही बोलले का?" तो सांगायचा, "ओळी बोलतो. दुसरं काही नाही."

ते पान यायला तीन आठवडे लागले. मोजणीदारानं सहा ओळी केल्या, सहांवर काट मारली. सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"एकोणीसशे तेरा," तो मोठ्यांदा वाचू लागला. "बाकी चारशे दोन."

कारागीर मान खाली घालून उभा होता.

मोजणीदारानं ओणवं होऊन फळीखालून एक डबी काढली. तांबड्या रंगानं वर सुकून साय धरली होती. त्यानं काडीनं ती फोडली, ब्रश बुडवला आणि त्या ओळीवर, तेरा वर्षांत पहिल्यांदा, नापासचा फटकारा ओढला. रंग वाळेपर्यंत दोघंही त्या पानाकडं बघत राहिले.

मग त्यानं आठव्या ओळीवर बोट नेलं.